सगळ्या वाक्यांना तीन

दुर्गदबैल, हुबळी

ती. सौ. मथुराक्कास,

धाकट्या मारुतीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला आटोक्यात असावा. (निपाणीत राहून बिडी सोडायची म्हणजे अवघडच, पण सांगून बघ.) आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणी नाही. माझं डोकं नुसतं तापलंय.

आपली निवेदिता धारवाडला सायकॉलॉजी शिकते. मला वाटायचं, पोर पुस्तकं वाचेल, पेपर लिहील, पास होईल. आता तसं नसतं म्हणे. अर्धे मार्क सरांच्या हातात, आणि ते मिळवायला घरचा एक माणूस धरून त्याचा स्वभाव मोजायचा! घरात रिकामा सापडलो मी. (तुझी भावजय रेखा आधीच उठून स्वयंपाकघरात गेली. तिचा स्वभाव मोजायला धारवाडात माप नाही.)

कागदावर चाळीस वाक्यं. 'मला लवकर राग येतो', 'मला पाहुणे आवडतात', असली. पूर्ण पटलं तर पाच, अजिबात नाही तर एक. आक्का, तूही दुकानदाराचीच लेक. आपल्या घराण्यात पहिल्या आकड्यावर कधी कोणी थांबलंय का? मी पाच म्हणालो. पोर गप्प. मला वाटलं, जास्त सांगितलं. चार म्हणालो. तरी गप्पच. (माणूस उत्तर देताना चेहरा हलवायचा नाही, असं सरांनी शिकवलंय. असल्या गिऱ्हाइकापुढे भलेभले उतरतात.) शेवटी तीनवर आलो. जिथे एकपासून सुरुवात केली, तिथे चढत चढत तीनवर आलो. चाळीसच्या चाळीस वाक्यांना तीन! मला वाटलं, छान झालं, कुणाचंच नुकसान नाही.

सरांनी कागद तिच्या अंगावर टाकला. (हे मला रेखाकडून कळलं.) म्हणाले, हा तू घरी बसून स्वतःच भरलास, प्रयोगाला शून्य. शून्य म्हणजे पोरीचं वर्ष गेलं! माझी पोर खोटं लिहील? मी भर बाजाराच्या वेळी दुकान नोकरावर टाकून धारवाड गाठलं. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कागदाकडे बघत म्हणाले, "इंथा मनश्या इरंगिल्लरी!" असला माणूस नसतोच म्हणे! आणि मी एवढा आडवा त्यांच्या टेबलासमोर उभा! माणसाच्या मनाचं शास्त्र शिकवता आणि समोरचा माणूस दिसत नाही? असं मी ओरडलो. सगळा वर्ग दाराशी जमला. तेव्हा कुठे सर म्हणाले, गुरुवारी दुसरा माणूस आणा, माझ्यासमोर भरू दे. (मी लगेच शुक्रवार म्हणालो. जित्याची खोड.)

असल्या शिक्षणाला आग लागो. भाऊजींना नमस्कार, तुझ्या नातवंडांना पापे.

तुझा,
मारुती

ता. क. : गुरुवारी भाऊजींना पाठव. तोंडून निघालेला शब्द ते मेले तरी बदलत नाहीत. तुझ्या लग्नात आम्ही सगळ्यांनी ते भोगलंय.

ता. क. दुसरा : ते नाही आले तरी चालेल, तू मात्र ये. त्या कागदात एक वाक्य होतं, 'माझ्या मुलांवर माझा पूर्ण विश्वास आहे.' तिथेही मी पाचवरून घसरत तीनवर आलो. पोरीने खाली मान घालून तीन लिहिलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि मी सरांवर ओरडत सुटलोय. माझ्या तोंडचा आकडा आता तिला खरा वाटणार नाही. तू सांग तिला. तिथे पाच. त्यात एकही कमी नाही.