खिडकीजवळच्या टेबलाची वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे वीस, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पूर्ण शुद्धीवर असून आणि कोणाच्याही धाकाखाली नसून, माझ्या माघारी काय व्हावे ते लिहून ठेवते. माझी प्रकृती ठणठणीत आहे. सरांनी वर्गाला सांगितले, "आपापल्या खऱ्या मालमत्तेचं मृत्युपत्र लिहून आणा. हवेतले बंगले नकोत." माझी मालमत्ता पाच मिनिटांत संपली. मग ती आली कुठून हे आठवू लागले आणि हात थांबेना.

कलम १. सायकल बाबांना द्यावी. ते दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि घरी चार मजले पायऱ्यांनी चढतात. वर येऊन आधी माझ्या सायकलची चेन बघतात, मग पाणी पितात.

कलम २. माझी सकाळची झोप आईला. ती इस्पितळाच्या धुलाईघरात पहाटेच्या पाळीला जाते. जाताना चपला हातात घेऊन दारापर्यंत अनवाणी चालते, मी जागी होऊ नये म्हणून. हे मला गेल्या महिन्यात कळले, तेही पोट दुखत होते म्हणून जाग आली तेव्हा.

कलम ३. शेजारच्या काकूंवरचा माझा राग काकूंनाच. "शिकून काय दिवे लावणार आहे?" असे त्या जिन्यात म्हणाल्या होत्या. हल्ली घरमालकाची नोटीस आली की चष्मा पुसत माझ्याकडेच येतात. तरी राग चांगल्या स्थितीत आहे, जपून वापरावा.

कलम ४. खिडकीजवळचे टेबल, दिव्यासह, ताईला. मी आठ वर्षांची असताना आईला पहाटेची पाळी लागली. मला सांभाळायला घरी कोणी हवे, म्हणून ताईने अकरावीतच कॉलेज सोडले आणि पुढे शिवण शिकली. मी कॉलेजात गेल्यावर तिच्या मशीनच्या खडखडाटाची तक्रार केली. तिने मशीन स्वयंपाकघरात नेले, ओट्याला खेटून. मी टेबलावर पसरले आणि हे आपल्या हुशारीचे फळ आहे असे समजून चालले. तेव्हाची मी आज भेटले तर कान उपटीन.

कलम ५. सरांची शाबासकीही ताईची. माझ्या जुन्या टाचणांच्या समासात मला ताईच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न सापडले. करारावर सही करणाऱ्याला वाचताच येत नसेल तर? तो प्रश्न मी वर्गात माझा म्हणून विचारला. सर म्हणाले, "या वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न." मी लाजले, हसले आणि शाबासकी घेतली. घरी येऊन ताईला खरे सांगितले. ती बाही उसवत म्हणाली, "मग उत्तर काय दिलं त्यांनी? ते सांग ना आधी."
त्या रात्री मला फार आनंद झाला आणि रडूही आले. संध्याकाळच्या कॉलेजचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी आणला. "या वयात कशाला, आणि बसू कुठे अभ्यासाला?" एवढेच म्हणून तिने तो कापडांच्या घडीखाली ठेवला. अर्जाची मुदत उद्या संपते.

कलम ६, सह्यांनंतर घातलेले. साक्षीदार म्हणून मी घाईत ताईला आणि काकूंनाच बसवले. दोघींनी ऐटीत सह्या केल्या, आणि मग मला सरांचा धडा आठवला: साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत कायदा शिकून ही अक्कल. म्हणजे काकूंवरचा राग माझ्याकडेच परत आला. तो मी सोडून देते. आणि ताईला टेबल द्यायचे तर मला जिवंतपणीच द्यावे लागणार.
म्हणून ते आत्ताच दिले. आज सुट्टीवर असलेल्या बाबांनी मशीन खिडकीपाशी आणले, टेबलाला लागून. माझी पुस्तके ओट्याकडे गेली. ताई टेबलाशी बसून अर्ज भरते आहे. एका रकान्यापाशी ती अडली.
"शिक्षणात खंड पडण्याचं कारण काय लिहू गं?"
"माझं नाव लिही," मी म्हणाले.
"रकाना केवढासा आहे. त्यात तू कुठली मावतेस?" ती म्हणाली, आणि पुढच्या रकान्याकडे वळली.

लिहून देणार: धाकटी
साक्षीदार: १. ताई (लाभ आधीच मिळाला) २. शेजारच्या काकू (काही मिळाले नाही, तक्रार नाही)
स्थळ: ओट्याजवळ, माझी नवी जागा
दिनांक: अर्जाच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार