निंबाची सव्वा मूठ

धुळे
मंगळवार, १७ ऑगस्ट १९९९

चि. निंबाभाऊ यास,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. काल नागपंचमी झाली. शेजारच्या प्रमिलाबाईंची म्हैस व्याली, त्यामुळे खरवस खाऊन खाऊन वनाचं पोट बिघडलं, तरी तुझा पुतण्या वाटी सोडायला तयार नाही. तुझ्या भाऊंची तब्येत ठीक. दुकानही ठीक चाललंय.

पाकिटावरचा पत्ता पाहून दचकला असशील. दचकायलाच हवंस. मीसुद्धा लिहिताना दोनदा थांबले. तू तर रावेरला केळीच्या व्यापाऱ्याकडे लिखापढीला होतास ना रे? आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, खांद्यावर केळीचा घड घेऊन आलास. 'शेठजींनी दिला,' म्हणालास. आणि मी वेडी, आमचा निंबा कामाला लागला म्हणून गल्लीभर केळी वाटत फिरले. आता खरं सांग, तो घड जळगावच्या बाजारातून विकत घेतला होतास की काय?

फोनच्या दुकानदाराची बायको पत्र लिहिते याचं हसू येत असेल तर हस बापडा. तुझ्या ऑफिसचा नंबर त्या गुलाबी कागदावर छापलेला आहे, पण बोलायला गेले तर तोंडातून शब्द निघणार नाही, हे मला माहीत आहे.

हो, तोच कागद. मागच्या बुधवारी पेपरातून पडला. 'मोबाईल थेट तुमच्या हातात! मधला माणूस नको! फोन आमच्याकडून घ्या, कार्ड कोणत्याही कंपनीचं टाका!' खाली आग्रा रोडवरच्या मंडपाचा पत्ता आणि जळगावचं ऑफिस. ह्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि चक्क खूश झाले. आपल्या दुकानातले फोन कंपनीकडून कार्डासकट येतात, दुसरं कार्ड त्यात चालत नाही, आणि कंपनीची रेंज गेली की गिऱ्हाईक येऊन ह्यांच्या अंगावर ओरडतं, हे तू काय नवीन ऐकतोस? म्हणाले, 'बघून येतो. शिकण्यासारखं असेल.' इस्त्रीचा शर्ट घातला आणि गिऱ्हाईक बनून गेले. मी थट्टाही केली, शत्रूच्या दारात चाललात, भाव नीट करा म्हणून.

मंडपात टाय लावलेला एक माणूस होता. त्याने फोन उघडून दाखवला, दोन्ही कंपन्यांची कार्डं घालून दाखवली. हे म्हणतात, माल फर्स्ट क्लास. मग तो माणूस ह्यांच्या जवळ सरकून म्हणाला, "काका, दुकानदाराकडून घेऊ नका. तो आधी चहा पाजतो. मग शेतीचं विचारतो, पोरीच्या लग्नाचं विचारतो. माणूस उठायला लाजला, की फोनचा डबा पुढे सरकवतो. चहात सगळं येतं."

ह्यांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या निंबा साहेबांनी. ते असल्याच दुकानात लहानाचे मोठे झाले. त्यांना आतलं सगळं माहीत आहे."

निंबा, मी अजून सावरलेली नाही. सहा दिवस झाले, भाकरी थापताना मध्येच हात थांबतो. हे घरी आले ते चपला न काढता स्वयंपाकघरात. घरात ह्यांनी कधी असं केलेलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "कमल, मी चा पाजीसन लोकेसले फसाडस का वं?"

चहा पाजून मी लोकांना फसवतो का, असं हे का विचारताहेत ते मला आधी कळलंच नाही. मग मंडपातलं सगळं विचारून घेतलं.

तू थेट फोन विकतोस याचा मला राग नाही. विक ना! स्वस्त मिळतो, कुठलंही कार्ड चालतं, लोकांचं भलंच होतं. तू विचारलं असतंस तर मंडपाचे दोर बांधायला हे स्वतः आले असते. रावेरची थाप मारलीस, तीही मी पोटात घातली असती. पण चहा? आपलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा माणसं पहिल्या एस.टी.ने उपाशीपोटी रेडिओ घेऊन यायची, म्हणून सुरू झालेला तो चहा. तुला कोणी सांगायला हवं का? त्या चहावरच तू वाढलास. रेडिओ बिघडलेलाच राहायचा, पण चहा न घेता आपल्या दुकानातून कोणी परत गेलेलं मला आठवत नाही.

वर लिहिलं ना, दुकान ठीक चाललंय? ते खोटं आहे. दुकान उघडतं, बंद होतं. बुधवारपासून हे कोणाला चहा सांगत नाहीत. टपरीवाला लांबूनच हात करून विचारतो, हे मान हलवतात. गिऱ्हाईक आलं की फोनचा डबा काढून पुढे ठेवतात आणि भिंतीकडे बघत बसतात. शेतीचं विचारत नाहीत, घरचं विचारत नाहीत.

शनिवारी सोनगीरचे जीवराम तांबट आले होते. त्यांचा फोन पाण्याच्या हंड्यात पडला होता. फोन तुमच्या मंडपातला बरं का! पण मंडप एव्हाना उठून गेला होता, म्हणून बिचारे आपल्याकडे आले. ह्यांनी तो खोलला, पुसला, वाळवला, चालू करून दिला. जीवरामभाऊ वाट बघून म्हणाले, "अभिमनशेठ, आज चा नही का?"

हे म्हणाले, "नही भाऊ. चा पाजा ते तुमले वाटी, फसाडस."

चहा पाजला तर फसवतो असं तुम्हाला वाटेल, हे ऐकून जीवरामभाऊ आधी हसले. मग ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन खिशात घालून उठले. जेवणाचा डबा द्यायला गेलेली मी, दारातच उभी राहिले. मला तुझा इतका राग आला, इतका राग आला, की तू समोर असतास तर कान धरून फिरवला असता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मघापासून टाळतेय.

येत्या रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसणार. आज सकाळी रोटांचे, तिच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू काढायला बसलो. दरवर्षीसारखं घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ सुपातून परातीत टाकायची. ह्यांनी आपली टाकली. मग तुझं नाव. हात सुपात गेला, मूठ भरली, आणि तिथेच राहिली. रोटातून ज्याचं नाव गळलं तो भाऊबंदांतून गेला, हे तुलाही ठाऊक आहे. म्हटलं, "मी टाकू का निंबाभाऊची?" आणि सुपात हात घातला.

ह्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "त्यानी मूठ तोच यीसन टाकी. मधमा कोनी नको."

तुझी मूठ तूच येऊन टाकायचीस, असं म्हणून मूठ सोडली, गहू परत सुपात पडले, आणि हे उठून दुकानात गेले. वनाची मूठही तशीच राहिली, कारण काकाच्या आधी पुतण्याची पडत नाही. परातीत एकट्या तुझ्या भाऊंचे गहू आहेत. एवढ्याशा गव्हाचे रोट मी कोणाला वाढू, सांग?

शनिवारी दुपारपर्यंत दळण गिरणीत गेलं पाहिजे. फोन करू नकोस. कोणाबरोबर निरोप पाठवू नकोस, आणि मला मध्ये घालून तर मुळीच बोलू नकोस. सकाळच्या गाडीने निघ. घरी येऊ नकोस, सरळ दुकानात जा. काही बोलायच्या आधी टपरीवाल्याला हात कर आणि दोन चहा सांग. तुझ्या भाऊंनी कप उचलला, तर दोघे मिळून घरी या. नाही उचलला, तरी त्यांच्या मागोमाग ये.

सूप देवापुढे झाकून ठेवलं आहे. त्याला कोणी हात लावणार नाही.

आता मध्ये न पडणारी,
तुझी कमलवहिनी