बाहेर जेवलो, त्याचं असं झालं

तीर्थरूप आत्या,

दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (डाव्या गुडघ्याला धक्का न लावता). तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि तुझी शेजारीण, तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. मी खुशाल आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. मी खुशाल आहे. आता खुर्चीत नीट टेकून बस, आणि मध्येच उठून फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, मग मी रडतो आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, म्हणून तर पत्र लिहायला बसलोय.

तर आत्या, मी बाहेर जेवलो. हॉटेलात.

शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी माझा गळा कसा सुजतो, हे तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंयस. त्यापायी तू लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून अशा उलटतपासण्या घेतल्यास की निम्म्या नात्यातल्या बायका अजून तुझ्याशी बोलत नाहीत. लोकांच्या लग्नांतसुद्धा मी घरचा डबाच खाल्ला (फोटोत सगळ्यांपुढे ताटं आणि माझ्यापुढे डबा, कुणालाही वाटावं, हा लाइट दुरुस्त करायला आलेला माणूस असणार). मग आत्ताच ही अवदसा का आठवली? कारण आहे, आणि ते कारण गुरांचं डॉक्टर आहे.

जनावरांच्या दवाखान्याची लिफ्ट बंद पडली म्हणून मला बोलावलं होतं. आत या डॉक्टरीणबाई आणि एक भलामोठा बोका अडकले होते. मी दार उघडलं तेव्हा बोका बाईंच्या खांद्यावर झोपला होता. बाहेर माणसं आरडाओरडा करतायत आणि ही बया मांडी घालून बोक्याला थोपटतेय! मी त्या लिफ्टची देखभाल जरा जास्तच मनापासून करू लागलो. शेवटी त्यांनीच विचारलं, की लिफ्टला काही झालेलं नाही, मग तुम्ही रोज का येता? आणि रविवारी दुपारी जेवायला चला म्हणाल्या.

मी माझी अडचण सांगितली, गळा सुजला तर घ्यायचं इंजेक्शन जवळ बाळगतो तेही सांगितलं. एरवी लोक म्हणतात, थोडंसं खाऊन तर बघा, सवय होईल. या बाई म्हणाल्या, "इंजेक्शन कुठे ठेवता? कसं द्यायचं, दाखवा." आत्या, इतका जिव्हाळ्याचा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

तुझ्या तालमीत वाढलोय, तेव्हा तयारीत कसूर नव्हती. हॉटेलात आधीच फोन करून ठेवला आणि गर्दी व्हायच्या आत जाऊन बसलो. वेटर फार प्रेमळ. म्हणाला, "काळजीच करू नका साहेब, दाणे वेचून काढतो." मी म्हटलं, बाबा रे, दाणे वेचले तरी त्यांचा अंश राहतो, मी वाचत नाही. तेव्हा त्याने आचाऱ्यालाच बोलावून आणलं. आचारी म्हणजे दारातून आडवा होऊन बाहेर येणारा माणूस. हात पुसत उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "तळलेलं काही घेऊ नका, कढई एकच आहे. सॉस मी बाटलीतला वापरतो, त्यात काय असतं देवाला माहीत. बटाटे उकडतो, अंडी वेगळ्या पातेल्यात करतो. त्यापुढे माझी जबाबदारी नाही." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आजवर 'चालतंय हो' म्हणणाऱ्यांनीच माझा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता.

डॉक्टरीणबाईंनी मेनूकार्ड मिटलं आणि म्हणाल्या, "मलाही तेच." आम्ही दोघांनी उकडलेले बटाटे आणि अंडी खाल्ली. वर मीठ-मिरपूड. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं असेल, यांना आजच दवाखान्यातून घरी सोडलंय. पण आत्या, कुणीतरी वाढलेलं, गरम, बाहेरचं अन्न! मी प्लेट पुसून खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं ते मिरपुडीचं होतं असं मी सांगितलं (होतं थोडं).

बिल झालं, मी जग जिंकलं आणि शीळ घालत दाराकडे निघालो. गल्ल्यावर एका वाडग्यात चमचमत्या कागदातल्या गोळ्या ठेवल्या होत्या. जन्मभर पाण्याचा पेलासुद्धा हुंगून पिणारा मी, त्या आनंदाच्या भरात एक सोलली आणि तोंडात टाकली.

आत दाण्याचा कूट होता.

थुंकलो, पण उशीर झाला होता. ओठ झिणझिणले, अंगावर गांधी उठल्या, गळ्यात कुणी मूठ आवळावी तसं झालं. मी खिसे चाचपतोय, गल्ल्यावरचा माणूस मला पाणी पाजतोय, वेटर पाठीत गुद्दे घालतोय. बाईंनी दोघांना बाजूला सारलं, मला जमिनीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले, माझ्या कोटाच्या खिशातून इंजेक्शन काढलं आणि नव्या विजारीवरूनच मांडीत खुपसलं. "हलू नकोस. शहाणा आहेस ना तू? बस, झालं हं, झालं." आत्या, तोवर आमचं 'अहो-जाहो' चाललं होतं. आपण एकदम 'अरे-तुरे'वर कसे आलो, याचा त्या अवस्थेतही मला आनंद झाला. (मागाहून कळलं, त्या सगळ्याच पेशंटांना तू म्हणतात. म्हशींनासुद्धा.)

हळूहळू श्वास मोकळा झाला. बरं वाटून मी उठायला लागलो तर त्यांनी छातीवर हात ठेवून पुन्हा झोपवलं. त्रास उलटू शकतो, म्हणाल्या. ॲम्ब्युलन्स आली, रात्रभर दवाखान्यात ठेवलं, सकाळी सोडलं. आचारी भेटायला आला होता. बिचाऱ्याचा चेहरा माझ्यापेक्षा सुजलेला. गोळ्यांचा वाडगा त्याने त्याच दिवशी उचलून फेकला, आणि मालकाशी कडाडून भांडला.

सांगायचं ते एवढंच, की ज्याची तुला आणि मला जन्मभर धास्ती होती ते घडलं, आणि मी आहे. संबंध प्रसंगात मी अतिशय शांत होतो. तू उगीच जिवाला लावून घेऊ नकोस. गुडघ्याला जप.

तुझा,
लाडोबा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. लग्नाचं ठरतंय. त्यांनीच विचारलं, वॉर्डात. आधी तुझी परवानगी घ्यायला हवी होती, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, म्हणून नुसती मान हलवली. बाबांना तूच सांग, तुझं ते ऐकतात. त्यांच्याकडे तीन कुत्री आहेत. (डॉक्टरीणबाईंकडे, बाबांकडे नाही.)

ता. क. दुसरा, वेगळ्या अक्षरात : आत्याबाईंना नमस्कार. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं, राग मानू नये. हे शांत वगैरे अजिबात नव्हते. वेटरचा पाय घट्ट धरून "आत्या, आत्या" अशी हाक मारत होते, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. तेव्हाच ठरवलं, या आत्या एकदा पाहायच्या. येत्या रविवारी येते आहे. काय आणू, असं विचारत नाही. काय आणू नये, तेवढं कळवा.