पाड त्याका!

२२ फेब्रुवारी, रविवार

लिहिण्याची मला सवय नाही. आज लिहिते आहे, कारण अकरा वर्षांच्या नातीसमोर माझ्या तोंडून जे निघालं ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

अक्षयाने टीव्हीवर कार्टून लावलं होतं. कार्टून कसलं, चांगला दोन तासांचा सिनेमा. एक उडणारी बाई आहे, तिच्या हातात वीज. एका दुष्टाने धरण फोडून अख्खं शहर बुडवलेलं. ती त्याला पकडते, तुरुंगात टाकते. तो सुटतो, पुन्हा बुडवतो. तिसऱ्यांदा ती त्याला मानेला धरून समुद्रावर टांगते. किनाऱ्यावर लोक ओरडताहेत — सोड पाण्यात! सोड! मी चवळीच्या शेंगा मोडत बसले होते. आणि ओरडले मीच — "पाड त्याका! असल्याक मारूकच व्हयो!"

सूप कलंडलं. शेंगा घरभर. अक्षया बघत राहिली. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे.

त्या बाईने त्याला पाडलं नाही. नेऊन पोलिसांच्या ताब्यात दिलं. मूर्ख! मी उठून स्वयंपाकघरात गेले.

नम्रताला जाऊन दोन वर्षं झाली. माझी सून, अक्षयाची आई. बाजाराच्या दिवशी कुडाळहून स्कूटरने येत होती, वाळूच्या डंपरने उडवली. चालवणारा जितेंद्र, पलीकडच्या वाडीतला. गेल्या बुधवारी कोर्टाने त्याला सोडलं. एका साक्षीदाराच्या म्हणे डोळ्यांवर ऊन होतं. दुसऱ्याला आता काही आठवत नाही.

२३ फेब्रुवारी

दमले. काही केलं नाही तरी दमले.

२४ फेब्रुवारी

माझा मुलगा धनेश आज परत म्हणाला, "आये, बंदूक कधी हाडतलंस?"

निवडणूक लागली की गावातल्या शेतीसंरक्षणाच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत मिळतात. बाकीच्यांनी केव्हाच आणल्या. आमची तिथेच पडून. हे गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, म्हणून मुलाच्या हाती देत नाहीत.

"माकडांनी माडार एक शहाळा ठेवल्यानी नाय. बार काढू नको, नुसती दाखव. त्येंका बरोबर कळता."

खरं आहे. काठी उगारली तर दात दाखवतात, नळी दिसली की पळ काढतात. मी म्हटलं, सवड नाही.

"तुका सवड नाय? पाच वाजता उठान सगळ्या वाडीक उठवतंस ती?" — आणि हसला. निकालानंतर पहिल्यांदाच हसला. मला ते हसणं बरं वाटलं नाही. बंदूक मागताना माणसाने का हसावं?

२६ फेब्रुवारी

भिकाजीकाका आले होते. देवळातले मानकरी, शिमग्याला गाऱ्हाणं तेच घालतात. चहा घेतला, तंबाखू मळली, मग मुद्द्यावर आले. "कोर्टान सोडल्यान, पण देव सोडूचो नाय. त्येचा वाटोळा कर म्हणान सांगतंय. तू फक्त नारळ घेवन ये."

म्हणजे सगळा गाव देवासमोर उभा राहून एका आवाजात 'व्हय महाराजा!' म्हणणार. जितेंद्रची आईसुद्धा त्याच देवळात येते. तीही म्हणेल का?

मी म्हटलं, देवाच्या हातात बंदूक कशाला द्यायची?

"मगे कोणाच्या हातात देवची?"

मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. कायद्याच्या राज्यावर पानंच्या पानं लिहिली होती, मार्कही चांगले पडले होते. अक्षया दारात उभी राहून ऐकत होती. अभ्यासाला पिटाळली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बंदूक आणली.

धनेशला सांगितलं नाही. माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली. का आणली, विचारू नये. मीही विचारत नाही.

येताना रिक्षा जितेंद्रच्या घरासमोर थांबली, पुढे गुरं आडवी आली होती. तो अंगणात डंपर धूत होता. नळीने, निवांत. पुढचा टायर धुतला, वाकून बघितलं, परत धुतला. कापडात गुंडाळलेली बंदूक माझ्या मांडीवर. माडाच्या शेंड्यापेक्षा तो जवळ होता. नेम माझा बरा आहे. ह्यांच्यापेक्षाही बरा होता, हे तेही कबूल करत.

त्याने मला बघितलं. नळी हातातून सुटली. पाणी अंगणभर.

"जावया मां, बाई?" रिक्षावाल्याने विचारलं.

जाऊया म्हटलं.

१ मार्च

काडतुसं नाहीत!

डबा तांदळाच्या पिंपामागे असतो. घरात सगळ्यांना माहीत. डबा जागेवर, आत काही नाही. आणि धनेश सकाळपासून घरात नव्हता.

पायरीवर बसून राहिले. कपाट उघडून बघितलं, बंदूक होती. तरी जीव थाऱ्यावर येईना. दुसरी कोणाचीही मिळू शकते, गावात काय कमी आहेत? बारा वाजून गेल्यावर आला, हातात बांगड्यांची पिशवी. "काय गो, अशी कित्याक बसलंस?" काही नाही म्हटलं. बांगडे साफ केले. तिखलं केलं.

डबा मीच का उघडला, हे कोणी विचारलं नाही. बरं झालं.

२ मार्च

आज होळी. भिकाजीकाकांकडे नारळ पाठवला नाही.

दुपारी अक्षयाने तोच सिनेमा पुन्हा लावला आणि माझा हात धरून शेजारी बसवलं. "पुढचा तू बघूकच नाय."

पुढे दुष्टांना पकडणारी एक नवी टोळी येते. ती कोणाला तुरुंगात नेत नाही, जागीच मारते. पहिल्यांदा मारलं तेव्हा शहर फटाके वाजवतं. दुसऱ्यांदा टाळ्या. तिसऱ्यांदा कोणी खिडकीही उघडत नाही. शेवटी त्या दुष्टालाही मारतात आणि ती बाई एकटीच त्याच्या प्रेताशी बसून राहते. मला राग आला. बुडालेल्या माणसांशी कोण बसलं?

अक्षयाने मागे नेऊन समुद्राचा तो प्रसंग परत लावला. "आता तिचो हात बघ. कापता. त्या दिवशी तू ओरडत होतंस, म्हणान दिसला नाय तुका."

कापत होता. तो दुष्ट जड होता म्हणून नव्हे. तिलाही सोडायचंच होतं. कोणीतरी बसून ते कापणं चितारलंय!

संध्याकाळी धनेशला सरळ विचारलं. काडतुसं कुठे आहेत?

"माका काय माहीत? माका बंदूक नुसती दाखवची होती." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला उमगलं. खाली बसला. "आये, तुका वाटला मी जितेंद्राक...?"

मी रिकामा डबा त्याच्यापुढे ठेवला.

"मनात येता गो. रोज येता. पण मी आत गेलंय तर अक्षयाची वेणी कोण घालतला? तुका तर तिडी घालूक येता."

खरं आहे. माझ्या हातची वेणी तिरकीच होते.

बंदूक घरात आहे, ते मग त्याला सांगितलं. बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

५ मार्च

आज ठाण्यात जमा केलं, परत न नेण्यासाठी: एकनळी बंदूक एक. परवाना. काडतुसं सात.

काडतुसं निघताना अक्षयाने आणून दिली. नम्रताच्या जेवणाच्या डब्यात होती, रुमालात बांधलेली. सिनेमा बघितला त्याच रविवारी काढून ठेवली म्हणाली.

मी विचारलं, "बाबापासून लपवलंस?"

"नाय गो आजी. तुझ्यापासना."