आईच्या सायकलवरचा चिखल

चिमणे,

काल तू आईची इलेक्ट्रिक सायकल मागितलीस आणि मी उगाच तुझ्यावर खेकसलो. ने ती. फक्त आधी धुऊन घे.

सायकल बंद करून बॅटरी काढ आणि घरात कोरड्या जागी ठेव. बॅटरी बसते ती जागा कोरड्या फडक्यानेच पूस. पाइप अजिबात लावू नकोस, जोराचं पाणी मोटरमध्ये शिरतं. बादलीत थोडा साबण घाल आणि पिळलेल्या फडक्याने पुसत जा. चेनसाठी जुना ब्रश मोरीत आहे. सगळं खडखडीत वाळलं की चेनला तेल दे, मगच बॅटरी बसव.

मडगार्डवरचा चिखल आई शेवटची बाजारात गेली तेव्हाचा आहे. मी दोनदा बादली भरून बसलो, पण हात चालेना. तो तूच काढ. म्हणून तर मी आत्याकडे चाललोय, तिच्याकडे काम काही नाही.

सीट आईच्या उंचीला आहे. तुझे पाय अवघडतील, वर करून घे.

संध्याकाळी मी येईन तेव्हा सायकल जागेवर नसली तरी चालेल. तू मात्र जेवायला ये.

बाबा