यंदाच्या उत्कृष्ट स्वयंसेवकाची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय सत्तरीला टेकलेले, धंदा फ्रीज-पंखे दुरुस्तीचा, आता निवृत्त, शाळेत दर शुक्रवारी नीतीचा तास घेणारा बिनपगारी स्वयंसेवक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. शुद्धीवर आहे, हीच तर पंचाईत! परवा माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे आणि मी भयंकर घाबरलो आहे. अक्षर वाकडे आले असेल तर ते भीतीने, डोके फिरल्याने नव्हे. घरी दाढ दुखते असे सांगून शेजारच्या दंतवैद्यांच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून लिहीत आहे. आत कोणाची तरी दाढ खरोखर काढत आहेत. त्या आवाजाने माझ्याच छातीत धडधडते.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नीस द्यावी. मुलीची हरकत नाही. जावयाला विचारलेले नाही, पण त्याने आजवर कशालाच हरकत घेतलेली नाही.

२. दुकान व सर्व हत्यारे पुतणीस. तिचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. ड्रिल मशीन साडूने 'दोन दिवसांकरता' नेले, ते मुलीच्या लग्नाआधी. ते त्यालाच देतो, म्हणजे ढापले असे तरी कोणी म्हणणार नाही. मी मात्र म्हणत राहीन.

३. सन्मानचिन्हाविषयी. शाळांत नीतीचा तास घेणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांचे एक मंडळ आहे. ते दरवर्षी एकाला 'उत्कृष्ट स्वयंसेवक' ठरवते. मागच्या आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “अभिनंदन! यंदा तुम्ही.”

मी म्हणालो, “अहो, मी कसला उत्कृष्ट? शिंपीणबाई माझ्या कितीतरी आधीपासून तास घेतात. आधी त्यांना द्या. मला पुढच्या वर्षी.”

“त्यांना पुढच्या वर्षी देता येईल,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी एकदम जीभ चावली.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, “बाई, चहात साखर किती?”

“आणि मला नाही देता येणार?” मी हळूच विचारले.

“ते मला नका विचारू.”

“विचारतोय.”

सरळ विचारले तर सरळ सांगायचे, हा आमच्या मंडळाचा दंडक. मुलांपुढे एक आणि बाहेर एक, असे चालत नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण दंडक काही मोडला नाही. ऑपरेशन नीट झाले तरी वर्ष निघणे कठीण, असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले होते. मला मात्र ही म्हणाली होती, “किरकोळ आहे हो, आठवड्यात घरी.” आणि हीच गुपचूप मंडळाकडे जाऊन सांगून आली होती, की द्यायचे तर यंदाच द्या. माझे कौतुक माझ्या डोळ्यांदेखत व्हावे, एवढाच तिचा हेतू. जगात कुठेही गुपित ठेवावे, पण नीतीमंडळात ठेवू नये, हे बिचारीला कुठून ठाऊक?

काल समारंभ झाला. ही पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. मला वाटत होते, ही सगळी मंडळी मला पोचवायलाच जमली आहेत.

ते पितळी चिन्ह घरात मांडू नये. वर्गाचे दार वाऱ्याने आपटते, तिथे टेकू म्हणून ठेवावे. अध्यक्षबाई खरे बोलल्या, हे कबूल. तरी माझा त्यांच्यावर राग आहे. तो कोणाला देत नाही, बरोबरच नेतो. साक्षीला मात्र त्यांनाच बोलावले आहे.

४. शुक्रवारचा तास शिंपीणबाईंनी घ्यावा. आजाऱ्याला खरे सांगावे का, हा धडा मी दरवर्षी घेत आलो. पोरे हिरिरीने भांडत, मी खडू हातात धरून मजा बघत असे. यापुढे हा धडा घेण्याआधी, वर्गात कोणाच्या घरी कोण आजारी आहे याची चौकशी करावी.

५. शेवटचे पत्नीस. ऑपरेशनमधून परत आलो तर हा कागद मीच फाडीन. नाही आलो तर कधीतरी तुला कळेल, की मला सगळं माहीत होतं. मग तू स्वतःला बोल लावशील. तू तशीच आहेस. म्हणून लिहून ठेवतो. परवा दारापर्यंत तू माझा हात धरून येशील आणि म्हणशील, “किरकोळ आहे हो.” मी म्हणेन, “माहितीये गं.” त्या वेळी खरं बोलणारं कुणी शेजारी असतं, तर मी तिथूनच पळून गेलो असतो. तुझं ते खोटंच धरून मी आत गेलो, असं समज.

सही: फ्रीजवाले काका

आम्हा दोघांसमक्ष सही केली. अक्षर वाकडे आले, मन स्थिर होते.
साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य
साक्षीदार: नीतीमंडळाच्या अध्यक्षा

ठिकाण: दवाखान्याबाहेरचा बाक
तारीख: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, मंगळवार