कपेंताचे नाव यादीवरून उतरवण्याबाबत

कित्वे, मंगळवार

पूज्य चिटालूमामा,

कासामाच्या दिशेने तोंड करून, गुडघे टेकून आणि तळहात वाजवून तुमच्या भाच्याचा, कसोंडेचा, नमस्कार. (गुडघे खरोखर टेकले आहेत, म्वापे पाहते आहे.) पावसाळ्यानंतर तुमचा डावा गुडघा कसा आहे? मामींचा भुईमूग निघाला का? आम्ही तिघे सुखरूप आहोत, म्हणजे बुपेला चौथा दात आला, म्वापे माझ्याशी मोजून बोलते आणि माझी झोप उडाली आहे. कारण सविस्तर मांडतो. क्रम सोडून सांगितल्यास तुम्ही माझ्याविषयी घाईने मत बनवाल.

मी आमच्या बुद्धिबळ मंडळाचा सचिव आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमचे डाव इंटरनेटवर होतात. प्रत्येक गडी आपापल्या घरी असतो. तुम्ही इसोलो खेळता, म्हणून उदाहरण तिथलेच घेतो. समजा, समोरचा गडी खड्ड्यातल्या बिया उचलण्यापूर्वी दर वेळी वर आंब्याकडे पाहतो, आणि आंब्यावर बसलेला त्याचा भाऊ त्याला मोजून देतो. आमच्या खेळातला आंबा म्हणजे संगणक, आणि तो कोणाला दिसत नाही. म्हणून मी संशयितांची नावे जाहीर करण्याची पद्धत सुरू केली: मंडळाच्या पानावर, आणि छापील प्रत चर्चच्या सभागृहाबाहेरील फळ्यावर. नियमही मीच लिहिले. सातव्या नियमानुसार यादीवरचे नाव उतरवायचे असेल, तर त्या खेळाडूने कॅमेऱ्यापुढे सचिवाच्या समोरासमोर बसून एक डाव खेळावा आणि प्रत्येक चालीचे कारण सचिवाला स्वमुखाने सांगावे. (हा नियम मला त्या वेळी फार सुबक वाटला होता.)

गेल्या महिन्यात मंडळात ‘कपेंता’ या नावाने एक नवा खेळाडू आला. वाळवलेल्या मासळीच्या नावाआड कोण लपतो, हा पहिला प्रश्न. स्पर्धेत यंत्राने माझी गाठ त्याच्याशी घातली आणि सव्विसाव्या चालीला माझ्यावर मात झाली. हरल्यामुळे संशय आला असे नाही, मामा. संशय आधीपासून होता, म्हणूनच डाव चालू असताना मी त्याची प्रत्येक चाल संगणकाशी ताडून पाहत होतो. (पडताळणी ताजी असावी लागते.) दहांपैकी नऊ चाली जुळत होत्या. शिवाय तीन भक्कम पुरावे हाती आले. पहिला: सोपी चाल असो वा अवघड, कपेंता बरोबर बारा सेकंद घेई. माणूस सोप्या जागी धावतो आणि अवघड जागी रेंगाळतो. याचा मी आलेख काढला, तो सोबत जोडला आहे, निळी रेघ पाहावी. दुसरा: मी अत्यंत सभ्यपणे लिहिले, “साहेब, सुंदर चाल,” तरी अक्षराचेही उत्तर नाही. तिसरा, सर्वांत दाहक: इतरांचे डाव पाहायला कपेंता बसलेला असे, आणि मी तिथे प्रवेश करताच तो तत्क्षणी निघून जाई. ज्याचे मन स्वच्छ आहे, तो सचिवाला पाहून का पळेल?

आमचे अध्यक्ष सिलाव्वे (खाणीत तीस वर्षे कामगारांचा पाळणा वरखाली करून निवृत्त झालेले, पुराव्याच्या शास्त्राशी त्यांचा संबंध नाही) म्हणाले, “कसोंडे, तू ज्याला हरवतोस तो माणूस, आणि तुला हरवतो ते यंत्र. असं किती दिवस चालायचं?” मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला आणि सही केली. शनिवारी नाव लागले, ठळक अक्षरांत.

रविवारी उपासनेनंतर गानवृंदातल्या बायका फळ्यापुढे दाटीने उभ्या होत्या आणि माझ्याकडे पाहून गप्प होत होत्या. घरी येताच म्वापेने पातेल्यातला दांडा बाजूला ठेवला.

“बुपेचे बाबा, कपेंता म्हणजे माझी आई.”

मामा, मी खुर्चीत बसलो. सासूबाई दिवंगत सासऱ्यांकडून बुद्धिबळ शिकल्या, आणि ते खाणीच्या क्लबात दहा वर्षे अजिंक्य होते, हे लग्नाला चार वर्षे होऊनही मला कोणी सांगितले नव्हते. कोण सांगणार? सासूसमोर मान वर करायची नाही, तिच्याशी बोलायचे नाही, तिच्या घरी जेवायचे नाही. आगीची ओळख, म्हणजे सासूच्या चुलीवरचे जावयाचे पहिले जेवण, होईपर्यंत जावयाला सासू म्हणजे वाटेतून बाजूला झालेली, कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेची एक कड. माझे खेळातले नाव ‘सचिव कसोंडे’ असल्याने त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळखले. म्हणून उत्तर नाही: जावयाशी कसे बोलणार? म्हणून पळ: जावई आला की सासूने जागा सोडायची. आणि बारा सेकंद? त्या न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटता घोटता खेळतात; फोन फळीवर, दांड्याचे बारा घोट झाले की एक चाल. (घोट बरोबर सेकंदालाच एक कसा पडतो, याचा मी अजून तपास करतो आहे.) माझ्याविरुद्ध डाव पडला, तेव्हा त्यांनी वडीलधाऱ्या बायकांना विचारले होते, सोंगट्यांना तोंड नसते, खेळायला हरकत नाही, असा निर्णय मिळाला होता.

आता अडचण नीट समजून घ्यावी. येत्या शनिवारी आगीची ओळख ठरली आहे. त्यांची भांडी माझ्यासमोर उघडली की मी त्या घरचा. सासूबाईंचा निरोप आला आहे की जिथे नाव लागले तिथूनच ते उतरेपर्यंत चूल पेटणार नाही. नाव उतरण्यासाठी सातव्या नियमाप्रमाणे त्यांनी माझ्या समोरासमोर बसून तोंडी बोलले पाहिजे. आणि आगीची ओळख झाल्याशिवाय त्या माझ्या समोर बसू शकत नाहीत. मी याचाही आलेख काढला. तो वर्तुळ निघाला. नियम मोडून नाव पुसले, तर सासूसाठी सचिवाने नियम वाकवला असे गानवृंद म्हणेल. न पुसले, तर म्वापे बुपेला घेऊन एकटीच माहेरी जेवत राहील आणि मी फाटकाबाहेर उभा राहीन, आयुष्यभर.

प्रकृतीस जपावे. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
कसोंडे

ता. क. मूळ विनंती राहिली. गुरुवारच्या बसने निघून यावे. समितीने तुम्हाला एक दिवसाचे सचिव नेमले आहे. तुम्ही त्यांच्या पिढीचे, समोर बसू शकता. सिलाव्वे म्हणतात, “मामांना येऊ दे, निदान तुमच्यातला एक तरी त्या घरी जेवेल.”

दुसरा ता. क. सासूबाईंना तुम्ही मान्य आहात, पण एका अटीवर. सातवा नियम सर्वांना लागू असेल, तर शेजारच्या खोलीतून, तुमच्या मार्फत, माझीही परीक्षा व्हावी. फक्त चौदाव्या चालीची. घोटता घोटता त्या म्वापेला म्हणाल्या, “जावई उंट कधी मागे घेत नाहीत. चौदाव्या चालीला घेतला. कोणी सांगितलं असेल गं?” आणि मग, “मी काही फळ्यावर लिहीत नाही. जावई आहेत.”

तिसरा ता. क. (म्वापे पाणी आणायला गेली आहे.) संगणक केवळ पडताळणीसाठी उघडा होता. पण तो त्यांच्याबरोबर माझीही उत्तम चाल कोपऱ्यात दाखवतो, आणि नजरेला आवर घालता येत नाही. चौदावीच काय ती. सतरावी आणि एकोणिसावीही. तरी हरलो, हे कृपया लक्षात घ्यावे. उंट मागे का घेतला, याचे कारण मी दोन दिवस शोधतो आहे. इसोलो खेळताना तुम्ही कधी आंब्याकडे पाहिले असल्यास, नंतर लोकांना काय सांगितले, तेवढे बसमध्ये बसण्यापूर्वी कळवावे.